कमोडोर ६४ चं बेसिक: मर्यादा सांभाळून प्रोग्रॅम लिहिण्याचा क्रम

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकातल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत एल्स नाही, प्रिंट अ‍ॅट नाही, ओळींना नव्याने क्रमांक देण्याची सोय नाही, स्प्राइट (पडद्यावर हलवता येणारी छोटी चित्रं) आणि आवाजासाठी एकही आज्ञा नाही. यातल्या बहुतेक उणिवांवर तोडगे आहेत आणि ते अनेकांना माहीतही असतात. प्रोग्रॅम फसतो तो हे तोडगे चुकीच्या वेळी लावल्यामुळे: मेमरी राखून ठेवण्याआधीच व्हेरिएबल तयार होतात, वेग वाढवण्याची खटपट आधी सुरू होते आणि डिस्कवर सेव्ह करणं शेवटावर जातं. म्हणून तोडग्यांइतकंच लक्ष त्यांच्या क्रमाकडे द्या.

खाली आज्ञा आणि व्हेरिएबल देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. यंत्रावर किंवा वाइस इम्युलेटरवर (आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. के$ म्हणजे के या अक्षरापुढे डॉलरचं चिन्ह.

## तयारी: पहिली ओळ टाइप करण्याआधी

एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या.

पहिली, मेमरीचा नकाशा. पडदा १०२४ ते २०२३. स्प्राइटचे पॉइंटर २०४० ते २०४७. प्रोग्रॅम २०४९ पासून. बेसिकची हद्द ४०९५९ ला संपते आणि ४०९६० पासून रॉम सुरू होतो. ४९१५२ ते ५३२४७ हे ४०९६ बाइट बेसिक वापरत नाही, ते तुमचे. पडद्याच्या रंगांची मेमरी ५५२९६ पासून.

दुसरी, व्हेरिएबलची यादी. नाव कितीही लांब दिलं तरी यंत्र पहिली दोनच अक्षरं बघतं. काउंट आणि कोड ही त्याच्या लेखी एकच जागा, कारण दोन्हींची सुरुवात सी-ओ अशी. शिवाय नावात आज्ञाशब्द दडलेला चालत नाही. ‘स्कोअर’मध्ये ओआर आहे, ‘टोटल’च्या सुरुवातीलाच टीओ आहे, दोन्ही सिंटॅक्स एरर देतात. टीआय, टीआय$ आणि एसटी ही नावं यंत्राने स्वतःसाठी ठेवलेली आहेत. सरळ एक-दोन अक्षरांची नावं घ्या आणि प्रत्येकाचा अर्थ कागदावर लिहा. लांब नाव दिल्याने प्रोग्रॅम वाचायला सोपा होतो ही इथे निव्वळ फसवणूक आहे.

तिसरी, ओळींची वाटणी. क्रमांक ० ते ६३९९९ पर्यंत चालतात. दहा-दहाच्या अंतराने लिहा आणि अशी विभागणी ठेवा:

१० : थेट सुरुवातीच्या मांडणीकडे उडी
१०० ते ८९० : मुख्य चक्र आणि वारंवार लागणारे सबरूटीन
९०० ते ९९० : डिस्कची कामं
१००० पासून : सुरुवातीची मांडणी
५००० पासून : डेटा

मांडणी शेवटी आणि धावपळीचं काम वर, हे उलटं वाटेल. त्याचं कारण सातव्या टप्प्यात येईल.

तपासणी: कागदावर एकाच दोन अक्षरांनी सुरू होणारी दोन नावं आहेत का? असतील तर आत्ताच बदला. नंतर ही चूक एरर देत नाही, नुसती चुकीची उत्तरं देते.

## १. मेमरीची हद्द आखा

यंत्र चालू केल्यावर ३८९११ बाइट मोकळे दिसतात. मशीन कोड किंवा बाइटचा तक्ता ठेवायचा असेल तर आधी ४९१५२ ची जागा वापरा. तिच्यासाठी काहीच राखावं लागत नाही. फक्त कमोडोरचा डिस्क वेज (डिस्कच्या आज्ञा सोप्या करणारा छोटा प्रोग्रॅम) चढवलेला असेल तर तो ५२२२४ पासून बसलेला असतो, त्याच्यावर लिहू नका.

ती जागा पुरत नसेल तरच बेसिकची वरची हद्द खाली आणा (पोक मेमरीतल्या पत्त्यावर आकडा लिहितं, पीक तो वाचतं):

१० पोक ५५,०:पोक ५६,१२८:सीएलआर
२० गोटू १०००

१२८ गुणिले २५६ म्हणजे ३२७६८. आता ३२७६८ ते ४०९५९ हे ८१९२ बाइट तुमच्या ताब्यात आले.

सावधान: सीएलआर सगळे व्हेरिएबल पुसतं आणि गोसब-फॉरची नोंदही पुसतं. ही ओळ सबरूटीनमध्ये टाकली तर रिटर्नला परत जायला जागाच उरत नाही. ती पहिलीच हवी.

मोकळी जागा बघण्यासाठी नुसतं प्रिंट एफआरई(०) पुरत नाही, कारण ३२७६७ च्या वर ते ऋण आकडा दाखवतं. असं लिहा:

प्रिंट एफआरई(०)-६५५३६*(एफआरई(०)<०)

या बेसिकमध्ये खरी अट म्हणजे उणे १, खोटी म्हणजे ०. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढे सारखं लागणार आहे.

## २. व्हेरिएबल ठरलेल्या क्रमाने जन्माला घाला

यंत्र व्हेरिएबल शोधताना यादीच्या सुरुवातीपासून एकेक तपासत जातं, आणि यादी ज्या क्रमाने ते पहिल्यांदा वापरले गेले त्या क्रमाची असते. म्हणून १००० व्या ओळीत सगळ्यात जास्त लागणारी नावं आधी:

१००० डिम आय,एक्स,वाय,के,के$,आर$
१०१० डिम बी(७),एन%(५००)

डिम फक्त अ‍ॅरेसाठी असतं असा समज आहे. साध्या व्हेरिएबललाही ते चालतं. साधे व्हेरिएबल आधी आणि अ‍ॅरे नंतर हा क्रम मोडू नका. अ‍ॅरे तयार झाल्यावर नवा साधा व्हेरिएबल आला की सगळे अ‍ॅरे सात बाइट वर सरकवावे लागतात. अ‍ॅरे मोठे असतील तर प्रोग्रॅम मध्येच अडखळतो.

टक्केवारीचं चिन्ह लावलेला पूर्णांक साध्या व्हेरिएबलमध्ये काहीच वाचवत नाही, दोन्ही प्रकार सात बाइट घेतात. वेगही वाढत नाही, उलट कमी होतो, कारण गणित करताना यंत्र आधी त्याचं दशांशात रूपांतर करतं. अ‍ॅरेमध्ये मात्र खरा फायदा: दर घराला पाच ऐवजी दोन बाइट. मर्यादा उणे ३२७६८ ते ३२७६७.

## ३. एल्सशिवाय निर्णय

इफची अट खोटी ठरली की त्या ओळीवरचं उरलेलं सगळं सोडून दिलं जातं, कोलननंतरचंही. अर्ध्याअधिक चुका इथल्याच. जे काम दोन्ही बाबतींत व्हायला हवं, ते पुढच्या ओळीवर घ्या.

१०० इफ एक्स>३८ देन एक्स=०:गोटू १२०
११० एक्स=एक्स+१
१२० रेम दोन्ही वाटा इथे मिळतात

हेच एका ओळीत, खरं म्हणजे उणे १ हे वापरून:

१०० एक्स=-(एक्स<३९)*(एक्स+१)

दोन वेगळ्या ठिकाणी जायचं असेल तर:

१०० ऑन १-(एक्स>३८) गोटू ११०,१५०

अट खोटी असेल तर ११०, खरी असेल तर १५०. ऑनला मिळालेला आकडा यादीबाहेरचा किंवा शून्य असेल तर एरर येत नाही, प्रोग्रॅम पुढच्या आज्ञेवर जातो. ऋण आकड्याला मात्र इल्लीगल क्वांटिटी येते.

आता फॉर. हे चक्र एकदा तरी फिरतंच, फॉर आय=१ टू ० असलं तरी. शून्य वेळा फिरण्याची शक्यता असेल तर आधी इफ लावून चक्र ओलांडा. मधूनच बाहेर पडायचं तर गोटूने उडी मारू नका, आयला शेवटची किंमत द्या आणि नेक्स्टला जाऊ द्या:

२०० पी=-१:फॉर आय=० टू ५००
२१० इफ एन%(आय)=के देन पी=आय:आय=५००
२२० नेक्स्ट

उडी मारली तर काय होतं? दर फॉर स्टॅकवर, म्हणजे परत कुठे जायचं ते लिहून ठेवण्याच्या जागेवर, १८ बाइटची नोंद ठेवतो आणि स्टॅक सगळा मिळून २५६ बाइटचा. गोसबमधून रिटर्नऐवजी गोटूने बाहेर पडणं त्याहून वाईट, कारण ती नोंद कधीच उतरत नाही. प्रोग्रॅम काही वेळ नीट चालतो आणि मग आउट ऑफ मेमरी येतं.

तपासणी: आउट ऑफ मेमरी आली की लगेच वरची एफआरईची ओळ द्या. हजारो बाइट मोकळे दिसत असतील तर दोष स्टॅकचा आहे, मेमरीचा नाही. डेटा कमी करत बसू नका. सबरूटीनमधून बाहेर जाणारे गोटू शोधा.

## ४. इनपुट स्वतः लिहा

इनपुट ही आज्ञा वापरणाऱ्याच्या हाती प्रोग्रॅम सोपवते. त्याने स्वल्पविराम टाइप केला तर एक्स्ट्रा इग्नोर्ड, आकड्याच्या जागी अक्षर दिलं तर रीडू फ्रॉम स्टार्ट, नुसतं रिटर्न दाबलं तर व्हेरिएबलमध्ये जुनीच किंमत. तात्पुरता इलाज म्हणून इनपुटच्या आधी

पोक ६३१,३४:पोक १९८,१

दिलं की कीबोर्डच्या बफरमध्ये अवतरणचिन्ह जातं आणि त्यापुढचा स्वल्पविराम व कोलन मजकुरात धरले जातात. कायमचा इलाज म्हणजे गेटवर (एकेक कळ वाचणारी आज्ञा) बांधलेलं सबरूटीन:

३०० आर$="":पोक १९८,०
३१० गेट के$:इफ के$="" देन ३१०
३२० के=एएससी(के$):इफ के=१३ देन प्रिंट:रिटर्न
३३० इफ के=२० अँड लेन(आर$)>० देन आर$=लेफ्ट$(आर$,लेन(आर$)-१):प्रिंट के$;:गोटू ३१०
३४० इफ के<३२ ऑर के>९५ ऑर के=३४ ऑर लेन(आर$)=२० देन ३१०
३५० आर$=आर$+के$:प्रिंट के$;:गोटू ३१०

टाइप केलेली ओळ पडद्याच्या दोन ओळींत, म्हणजे ८० अक्षरांत बसायला हवी. रोमनमध्ये लिहिताना ३३० वी त्या हद्दीजवळ जाते, म्हणून मध्ये मोकळ्या जागा सोडू नका.

२० म्हणजे डिलीट. ३४ म्हणजे अवतरणचिन्ह; ते मुद्दाम वगळलं आहे, कारण पडद्यावर ते छापलं की यंत्र अवतरण-स्थितीत जातं आणि नंतर छापलेल्या कर्सर आणि रंगांच्या कोडांच्या जागी उलट्या रंगाची चिन्हं उमटतात. अडकलातच तर पोक २१२,० ने सुटका होते. आकडा हवा असेल तर रिटर्ननंतर व्हॅल(आर$) घ्या आणि मर्यादा तपासा.

फाइलमधून एकेक बाइट वाचताना शून्य बाइट आला की गेट# रिकामी स्ट्रिंग देतं आणि एएससी तिथे एरर देतं. एएससी(के$+सीएचआर$(०)) लिहिण्याची सवयच लावून घ्या.

## ५. पडद्यावर हव्या त्या जागी, हव्या त्या रुंदीत

कर्सर नेण्यासाठी रॉममधलंच रूटीन वापरायचं:

४०० पोक ७८१,वाय:पोक ७८२,एक्स:पोक ७८३,०:एसवायएस ६५५२०:रिटर्न

वाय म्हणजे ओळ, ० ते २४. एक्स म्हणजे रकाना, ० ते ३९. ७८३ मधलं शून्य गाळलं आणि कॅरी बिट चढलेला राहिला, तर तेच रूटीन कर्सर नेण्याऐवजी त्याची सध्याची जागा वाचून परत येतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे शून्य बघा.

एसटीआर$ धन आकड्याच्या आधी एक मोकळी जागा सोडतं. उजवीकडे ओळीत लावण्यासाठी:

प्रिंट राइट$("      "+एसटीआर$(एन),७)

दोन दशांश स्थळं हवी असतील तर (एन धन धरून):

४५० पी=इंट(एन*१००+.५):डब्ल्यू=इंट(पी/१००):एफ=पी-डब्ल्यू*१००
४६० प्रिंट राइट$("     "+एसटीआर$(डब्ल्यू),६);".";
४७० प्रिंट राइट$("0"+मिड$(एसटीआर$(एफ),२),२):रिटर्न

पडद्यावर थेट पोक करताना दोन गोष्टी चुकतात. पोकचे कोड सीएचआर$ च्या कोडपेक्षा वेगळे असतात: ए हे अक्षर छापताना ६५, पोक करताना १. आणि रंगाच्या मेमरीतही त्याच अंतरावर रंग टाकावा लागतो, नाहीतर काही यंत्रांवर अक्षर पार्श्वभूमीच्याच रंगात उमटतं आणि दिसत नाही.

## ६. डेटा: मधूनच वाचणं आणि चुका पकडणं

रिस्टोअरला ओळक्रमांक देता येत नाही, ते नेहमी पहिल्या डेटाकडे जातं. तोडगा असा: आधीचा भाग पूर्ण वाचून झाला की त्या क्षणी डेटाचा पत्ता लिहून ठेवा.

११०० डी१=पीक(६५):डी२=पीक(६६)

पुन्हा तिथून वाचायचं असेल तेव्हा पोक ६५,डी१:पोक ६६,डी२. पत्ते हाताने आकड्यात लिहू नका, एक ओळ बदलली की ते सरकतात.

मशीन कोड किंवा स्प्राइटचा डेटा टाइप करताना बेरीज तपासणं आलंच. पण साधी बेरीज दोन आकड्यांची अदलाबदल पकडत नाही. आकड्याला त्याच्या जागेने गुणा:

११२० एस=०:फॉर आय=१ टू ६३:रीड व्ही:पोक ८३१+आय,व्ही:एस=एस+व्ही*आय:नेक्स्ट
११३० इफ एस<>सीएस देन प्रिंट "DATA ?":स्टॉप

सीएसमध्ये बरोबर असलेल्या डेटाची बेरीज आधी भरून ठेवा. इथे ६३ बाइटचा स्प्राइट ८३२ पासून बसतो. ८३२ भागिले ६४ म्हणजे १३, म्हणून पोक २०४०,१३. ही कॅसेटच्या बफरची जागा. टेप वापरणाऱ्यांनी दुसरी शोधावी.

सावधान: डेटात २०० ऐवजी २००० पडलं तर इल्लीगल क्वांटिटी ही पोकच्या ओळीवर दाखवली जाते आणि माणूस तीच निर्दोष ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतो. एरर आल्याबरोबर हे द्या:

प्रिंट पीक(६३)+२५६*पीक(६४)

चुकीच्या डेटाच्या ओळीचा क्रमांक मिळेल.

## ७. वेग, पण मोजून

प्रोग्रॅम नीट चालेपर्यंत या टप्प्याला हात लावू नका. टीआय सेकंदाला ६० ने वाढतं, त्यावर मोजा:

टी=टीआय:फॉर आय=१ टू १०००: (तपासायची आज्ञा) :नेक्स्ट:प्रिंट (टीआय-टी)/६०

रिकाम्या चक्राचा वेळ वजा करायला विसरू नका.

सगळ्यात मोठा फरक ओळींच्या जागेने पडतो. गोटू-गोसबचं ठिकाण शोधताना यंत्र त्याचा ओळक्रमांक चालू ओळीच्या क्रमांकाशी ताडून बघतं. ठिकाणाचा क्रमांक चालू ओळीच्या क्रमांकापेक्षा मोठा असेल तरच शोध चालू ओळीपासून पुढे होतो, एरवी प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपासून. म्हणून वारंवार लागणारं सगळं वर ठेवलं आणि एकदाच चालणारी मांडणी १००० पासून पुढे ढकलली.

त्यानंतर स्थिरांक. ५३२८० हा आकडा दर वेळी अक्षरांतून नव्याने वाचून दशांशात बदलला जातो; व्ही=५३२४८ करून व्ही+३२ लिहिलं तर ते काम वाचतं. शून्याच्या जागी नुसता टिंब चालतो आणि तो शून्यापेक्षा लवकर वाचला जातो. दोनचा घात काढणं फार संथ आहे, म्हणून बिटसाठी बी(०) ते बी(७) मध्ये १, २, ४ … १२८ आधीच भरा. नेक्स्टच्या पुढे नाव लिहू नका.

मग स्ट्रिंगचा कचरा. चौथ्या टप्प्यातल्या सबरूटीनमध्ये वीस अक्षरं टाइप केली तर आर$ ची दर वेळी नवी प्रत होते. १ पासून २० पर्यंतची बेरीज, म्हणजे २१० बाइट, उरतात त्यातले २०. जागा संपली की यंत्र सगळं थांबवून सफाई करतं. ही सफाई जिवंत स्ट्रिंगांच्या संख्येवर अवलंबून असते, संख्या दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट. शेकडो स्ट्रिंगांच्या अ‍ॅरेत यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं ते यामुळेच. पडदा बदलताना, जिथे थांबणं खपून जातं तिथे, क्यू=एफआरई(०) देऊन सफाई आपणच करून घ्या. आणि स्ट्रिंगच्या अ‍ॅरेऐवजी शक्य तिथे राखून ठेवलेल्या जागेत बाइट पोक करा.

संक्षेपांचा मोह आवरा. प्रिंटला प्रश्नचिन्ह वगैरे लिहून ८० अक्षरांत जास्त आज्ञा कोंबता येतात, पण लिस्ट केल्यावर ती ओळ तीन ओळींत पसरते, आणि तिच्यावर रिटर्न दाबलं की शेपूट कापलं जातं.

## ८. मशीन कोड जोडणं आणि प्रोग्रॅम एकत्र करणं

प्रोग्रॅममधून लोड दिलं की लोड झाल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतो, व्हेरिएबल मात्र टिकतात. म्हणून:

१० इफ ए=० देन ए=१:लोड "ML",८,१

ए ची अट नसेल तर डिस्क फिरतच राहील. हद्द खाली आणणारी ओळ आता १० वर असेल तर तिचं सीएलआर दर फेरीत ए पुसेल आणि तेच चक्र होईल. मग हद्दीची ओळही त्याच इफच्या आत, ए=१ च्या आधी घ्या.

हाताने लोड करत असाल तर मशीन कोड आधी लोड करा, मग न्यू, मग बेसिकचा प्रोग्रॅम. न्यू गाळलं तर पहिल्याच व्हेरिएबलला आउट ऑफ मेमरी येऊ शकते.

तयार सबरूटीनचा संच प्रोग्रॅमच्या शेवटी जोडायचा असेल तर त्याचे ओळक्रमांक प्रोग्रॅममधल्या सगळ्यांत मोठ्या क्रमांकापेक्षा मोठे हवेत. मग थेट, ओळक्रमांक न देता:

ई=पीक(४५)+२५६*पीक(४६)-२
पोक ४४,इंट(ई/२५६):पोक ४३,ई-इंट(ई/२५६)*२५६
लोड "SUBS",८
पोक ४३,१:पोक ४४,८

तपासणी: शेवटच्या पोकनंतर लिस्ट द्या. फक्त दुसराच भाग दिसला तर शेवटची ओळ राहून गेली आहे. तशाच अवस्थेत सेव्ह केलं तर पहिला भाग डिस्कवर जाणारच नाही.

## ९. सेव्ह, प्रत्येक टप्प्यानंतर

हा टप्पा क्रमाने शेवटी दिला असला तरी प्रत्येक टप्प्यानंतर पाळायचा. चुकीचा पोक यंत्र गोठवू शकतो, म्हणून रन करण्याआधी सेव्ह.

जुन्या नावावरच लिहिणारं "@0:" वापरू नका. १५४१ ड्राइव्हमध्ये त्यात दोष आहे आणि दुसऱ्याच फाइलचा डेटा बिघडू शकतो. नावाला आवृत्तीचा क्रमांक द्या, सेव्ह "GAME 07",८ असा, आणि मागोमाग व्हेरिफाय "GAME 07",८. नाव १६ अक्षरांत बसायला हवं. डिस्कवर काय आहे ते पाहण्यासाठी लोड "$",८ देण्याआधीही सेव्ह करा, कारण यादी प्रोग्रॅमच्या जागेवरच येऊन बसते.

ड्राइव्हचा लाल दिवा लुकलुकला तर कारण प्रोग्रॅममधूनच वाचावं लागतं, थेट इनपुट# चालत नाही:

९०० ओपन १५,८,१५:इनपुट#१५,ई,ई$,टी,एस:प्रिंट ई;ई$:क्लोज १५:रिटर्न

० म्हणजे ठीक, २६ म्हणजे डिस्कला लेखनबंदी, ६२ फाइल सापडली नाही, ६३ त्या नावाची फाइल आधीच आहे, ७२ डिस्क भरली. १५ क्रमांक बंद केला की ड्राइव्ह आपल्या बाजूने सगळ्याच फाइल बंद करतो. दुसरी फाइल उघडी असताना हे सबरूटीन वापरायचं असेल तर ओपन प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच द्या आणि क्लोज सगळ्या फाइल बंद झाल्यावर.